वारा पश्चिमेचा, ऊनही पश्चिमेचं

मे महिन्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास पालघर-बोईसरच्या एखाद्या पश्चिममुखी कार्यालयात डोकावावं. पडदे ओढलेले, भर उजेडात ट्यूबलाइट लावलेल्या, एसीच्या रिमोटवर 18 चा आकडा. तरी खिडकीलगतच्या टेबलावर बसणारा घामाघूमच. पडद्यानं उजेड अडतो. उष्णता मात्र तोवर काचेतून आत शिरलेली असते.

1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाला. 2021 मध्ये कोळगावला सिडकोनं बांधलेलं जिल्हा मुख्यालय सुरू झालं. जिल्हा नवा, म्हणून इमारतीही नव्या उठताहेत. त्या थंड कशा राहाव्यात, याचं उत्तर देशावरच्या वाड्यांकडे मागून उपयोग नाही. दिवसभर तापलेली जाड भिंत निवायला रात्र गार लागते आणि किनारपट्टीवर मे महिन्यात पहाटेही पारा 26-27 अंशांच्या फारसा खाली जात नाही. म्हणून तर इथल्या वारली घरांना कारवीच्या कुडाच्या पातळ भिंती आणि किनाऱ्यावरच्या जुन्या घरांना ऐसपैस पडवी.

खरी मेख सूर्याच्या वाटेत आहे. पालघर साधारण 19.7 अंश उत्तर अक्षांशावर असल्यानं मेच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि स्लॅब भाजून काढतो. दक्षिणेच्या चार फुटी खिडकीला मार्च ते सप्टेंबर दुपारी दीड फुटाचा छज्जा पुरतो. पश्चिमेला तो कुचकामी. मेमध्ये संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून जेमतेम 28 अंशांवर असतो. तेवढीच खिडकी झाकायला सात फुटांहून मोठा छज्जा लागेल!

पण समुद्राचा वाराही पश्चिमेचाच. तेव्हा इमारतीच्या लांब बाजूंची तोंडं दक्षिणेला आणि उत्तरेला ठेवायची, जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहं पश्चिमेला सारायची आणि खिडक्यांच्या कडेला उभे पट्टे काढून तिरका वारा आत वळवायचा.

बोईसरला इथं आणखी एक अडचण येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात इथलंच तारापूर औद्योगिक क्षेत्र 93.69 गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरलं होतं. अशा हवेत खिडक्या सताड उघडा, असं कोण सांगणार? एसी लागणारच. मग त्याच्यावरचा भार कमी करणं हेच काम उरतं. 100 किलोवॅट किंवा अधिक वीजभाराच्या व्यावसायिक इमारतींसाठी असलेली 2017 ची ऊर्जा संवर्धन संहिता म्हणूनच खिडक्यांचं क्षेत्रफळ भिंतीच्या 40 टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवते.

उभ्या असलेल्या इमारतींतही बरंच करता येतं. गच्चीवर पांढरा चायना मोझॅक बसवला की ऊन परतवलं जातं. गळतीसाठी घातलेली पत्र्याची शेडही स्लॅबवर सावली धरते. पश्चिमेच्या काचेला पडदा आतून नव्हे, बाहेरून चिक किंवा जाळी लावावी. छताला 28 वॅटचा बीएलडीसी पंखा फिरवला, तर एसी 26 वर ठेवूनही काम निभतं. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबानं एसीचं तापमान एका अंशानं वाढवलं, तर सुमारे 6 टक्के वीज वाचते.