सकाळची दिनचर्या आणि नोकरीतील प्रगती : गैरसमज व वस्तुस्थिती

वांद्र्याच्या नोकरदारांची सकाळ एकाच घड्याळावर चालत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातील राष्ट्रीय शेअर बाजाराचे नियमित व्यवहार ९.१५ वाजता सुरू होतात, तर वांद्रे पूर्वेकडील राज्य शासनाच्या कार्यालयांची वेळ, २९ फेब्रुवारी २०२० रोजी पाच दिवसांचा आठवडा लागू झाल्यापासून, सर्वसाधारणपणे ९.४५ ची आहे. उठण्याची वेळही त्यामुळे सर्वांना एकच लागू पडणे शक्य नसते. तरीही या विषयावर काही ठाम समजुती प्रचलित आहेत.

गैरसमज : ब्राह्ममुहूर्त म्हणजे पहाटेचे चार, आणि त्या वेळी उठणाऱ्यालाच यश मिळते.
वस्तुस्थिती : मुहूर्त हे ४८ मिनिटांचे कालमान असून ब्राह्ममुहूर्त सूर्योदयापूर्वी ९६ मिनिटे सुरू होतो व ४८ मिनिटे आधी संपतो. मुंबईत सूर्य जूनच्या आरंभी सहाच्या सुमारास, तर जानेवारीच्या मध्यास सव्वासातच्या आसपास उगवत असल्याने हा काळ वर्षभरात तासाहून अधिक सरकतो. शिवाय वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त हा उपदेश निरोगी माणसाला आयुष्याच्या रक्षणासाठी केलेला आहे, बढतीचा तेथे संबंध नाही.

गैरसमज : झोप कमी केली की कामाला वेळ वाढतो.
वस्तुस्थिती : अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या दोन संस्थांनी २०१५ मध्ये प्रौढांसाठी रोज किमान सात तास झोपेची शिफारस केली. अपुऱ्या झोपेने लक्ष आणि निर्णयक्षमता मंदावते, त्यामुळे पहाटे मिळवलेला तास दुपारच्या चुका निस्तरण्यात खर्ची पडू शकतो. लवकर उठण्याची महती सांगणारी प्रचलित म्हणही आधी लवकर निजायला सांगते, याचा मात्र सोयीस्कर विसर पडतो.

गैरसमज : उशिरा उठणारा आळशीच असतो.
वस्तुस्थिती : शरीरातील सुमारे चोवीस तासांची लय जैविक घड्याळ चालवते, तिच्यामागील रेणवीय यंत्रणेच्या शोधासाठी हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. या लयीचा कल व्यक्तीनुसार, वयानुसार आणि अंशतः आनुवंशिकतेनुसार बदलतो. सकाळचा उजेड ही लय अलीकडे ओढतो, म्हणून कार्टर रोडवरील फेरफटक्यात व्यायामाइतकेच महत्त्व उजेडालाही आहे.

गैरसमज : एकवीस दिवसांत सवय लागते.
वस्तुस्थिती : या समजुतीचे मूळ सामान्यतः प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या १९६० च्या पुस्तकाकडे नेले जाते, त्यांचे निरीक्षण रुग्णांना बदललेल्या रूपाशी जुळवून घेण्यास लागणाऱ्या किमान काळाविषयी होते. लंडनमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडण्यास १८ ते २५४ दिवस, मध्यकानुसार ६६ दिवस लागतात असे दिसले आणि एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडले नाही. नवी सवय आधीच ठरलेल्या क्रियेला, उदाहरणार्थ नळाला पाणी येण्याच्या वेळेला किंवा पहिल्या चहाला जोडणे म्हणूनच उपयुक्त ठरते.

दिनचर्येचा हिशेब उलट दिशेने मांडणे श्रेयस्कर होय. बोरिवलीहून वांद्रे-कुर्ला संकुलात नऊला पोहोचायचे असून घर ते कार्यालय दीड तास धरला, तर साडेसातला निघावे लागते. आवरण्यास सव्वा तास दिल्यास सव्वासहाला उठणे आणि सात तासांच्या झोपेसाठी रात्री सव्वाअकराच्या आत निजणे क्रमप्राप्त ठरते.