उकिरड्याचे पांग

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी एक जुनी म्हण आहे. ज्याला कोणी विचारीत नाही, ज्याच्याकडे पाहून नाक मुरडले जाते, त्याचेही एक दिवस भाग्य उघडते, हा तिचा आशय. म्हण करणाराने बारा वर्षांची मुदत घातली ती माणसाच्या दैवाकडे पाहून. प्रत्यक्ष उकिरड्याला इतका काळ थांबण्याचे कारण नाही. आपल्याकडील उष्ण हवेत सुमारे चाळीस दिवसांत त्यातून निळ्या ज्योतीने जळणारा वायू मिळू शकतो, आणि वायू काढून घेतल्यावर उरलेला गाळ शेताला उत्तम खत म्हणून घालता येतो. मात्र त्यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात. उकिरड्याला हवा लागू द्यावयाची नाही, आणि त्याला रोज वेळच्या वेळी जेवू घालावयाचे. पहिली अट गवंडी पार पाडतो. दुसरी घरच्या माणसांनी पाळावयाची असते, आणि बहुतेक ठिकाणी घोडे अडते ते तिथेच.

साचलेल्या तळ्याच्या तळाशी काठी ढवळली की पाण्यावर बुडबुडे येतात, हे खेड्यातील प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. 1776 साली इटलीत आलेस्सांद्रो व्होल्टा या शास्त्रज्ञाने माज्जोरे सरोवराच्या काठच्या चिखलातून येणारे असेच बुडबुडे गोळा केले आणि तो वायू पेट घेतो असे त्याला आढळले. विजेच्या घटामुळे पुढे ज्याचे नाव जगभर झाले तोच हा व्होल्टा. त्या ज्वालाग्राही वायूला आज मिथेन म्हणतात. पाने, गवत, शेण, मैला, खरकटे असे कोणतेही सेंद्रिय द्रव्य हवा न लागता कुजले की मिथेन तयार होतो. गोबरगॅस हे त्याचेच घरगुती रूप होय. त्यात साधारण पंचावन्न ते पासष्ट टक्के मिथेन असतो. बाकीचा बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइडचा असून त्यात थोडा पाण्याचा अंश आणि सडक्या अंड्यासारखा वास असणारा हायड्रोजन सल्फाइड हा वायू असतो.

हे काम टाकी करीत नाही. टाकीतील सूक्ष्म जीव करतात. गाईच्या पोटातही असेच जीव असतात, म्हणूनच गवत खाऊन ती जगू शकते. शेण त्या पोटातून आलेले असल्यामुळे या जीवांचे विरजण त्यात आयतेच असते. दुधाला विरजण लावावे तसे नव्या टाकीला शेण लावतात. टाकीत या जीवांच्या दोन मोठ्या फळ्या असतात. पहिली फळी अन्न फोडून त्याची आम्ले बनविते, तर दुसरी त्या आम्लांपासून मिथेन तयार करते. पहिल्या फळीतील जीव धडाक्याने वाढणारे आणि सोशिक. दुसऱ्या फळीतील संथ आणि नाजूक. हा एवढा भेद ध्यानात ठेवला तर गोबरगॅसचे सारे शास्त्र हाती आले म्हणावयास हरकत नाही. टाकीत एकदम फार अन्न पडले की पहिली फळी भराभर आम्ले करीत सुटते, दुसरीला ती पचवता येत नाहीत, आणि टाकी आंबते. मग गॅस येतो, पण पेटत नाही. लग्नाच्या पंक्तीत अति जेवलेल्या मुलाचे पोट बिघडावे तशातलाच हा प्रकार असून त्यावर उपायही तोच, म्हणजे लंघन. काही दिवस अन्न बंद ठेवून पुढे थोडे थोडे ताजे शेण दिले की टाकी बहुधा पूर्वपदावर येते.

घरगुती टाकीची रचना साधी असते. जमिनीत विहिरीसारखा बांधलेला कुंड, त्याच्या एका अंगाला शेणकाला आत सोडण्याची नळी आणि दुसऱ्या अंगाला पचलेला गाळ बाहेर येण्याची वाट. वरती वायू साठविण्यासाठी एक तर लोखंडाची तरंगती टोपी असते, किंवा विटांचा पक्का घुमट. तरंगती टोपी वायू भरला की वर येते आणि वापरला की खाली बसते. घरात किती गॅस शिल्लक आहे हे अंगणातून दिसते. परंतु लोखंड गंजते, त्याला वरचेवर रंग द्यावा लागतो. घुमटाला गंज नाही आणि तो स्वस्तही पडतो. मात्र गवंडी कसबी नसेल तर बारीक भेगांतून वायू निसटतो. 1984 साली पुढे आलेली ‘दीनबंधू’ ही पद्धत घुमटाचीच आहे.

आता हिशेब पाहू. शेण आणि पाणी समभाग घेऊन काला करावा. त्यात काड्या, माती, वाळू राहू देऊ नये. पंचवीस किलो ताज्या शेणापासून सुमारे एक घनमीटर वायू मिळतो. गोठ्यात बांधलेल्या एका मोठ्या जनावराचे दिवसाचे शेण दहा किलोच्या आसपास धरतात. म्हणजे दोन घनमीटरच्या टाकीला रोज पन्नास किलो शेण, अर्थात चार-पाच जनावरे हवीत. एवढ्या वायूवर पाच-सात माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक होतो. टाकी पूर्ण क्षमतेने चालली तर महिन्याला दीड सिलिंडरहून अधिक गॅसची बचत होते. टाकीला ऊब लागते. पस्तीस अंशांच्या आसपास ती उत्तम चालते आणि थंडीत सुस्तावते. गोव्यात वा कोकणात वर्षभर फारसा फरक जाणवत नाही, परंतु ग्वाल्हेरच्या पौषात गॅस निम्म्यावर आला तर घरच्यांनी गडबडून जाऊ नये. काल्यासाठी कोमट पाणी घ्यावे, तो उन्हे वर आल्यावर आत सोडावा आणि टाकीच्या भोवती पेंढ्याची वा कंपोस्टची ऊब द्यावी.

येथे एक शंका साहजिकपणे येते. शेणाच्या गोवऱ्या थापून जाळल्या तरी अन्न शिजतेच. मग एवढा खटाटोप कशाला? उत्तर खतात आहे. गोवरी जळते तेव्हा शेणातील कर्बाबरोबर नत्रही धुरावाटे निघून जाते, आणि शेताच्या वाट्याला केवळ राख येते. टाकीत कर्बाचा काही भाग वायू होऊन चुलीकडे जातो. नत्र मात्र बाहेर पडणाऱ्या गाळात, ज्याला शेतकरी स्लरी म्हणतात त्यात, शिल्लक राहते. एकाच शेणाने चूल पेटते आणि शेतही पिकते. शिवाय गोवऱ्यांच्या आणि ओल्या लाकडाच्या धुराने घरच्या स्त्रीचे डोळे आणि फुप्फुसे वर्षानुवर्षे जळत असतात. तो हिशेब कोणत्याही वहीत मांडलेला नसतो, तरी तो कोणीतरी फेडीतच असते.

भारतातील या प्रयोगांचा आरंभ कोणा धनिकाच्या वाड्यात झाला नाही. मुंबईत माटुंगा येथे निराश्रित कुष्ठरोग्यांसाठी आश्रम होता. तेथील मैल्याच्या टाक्यांना 1897 साली वायू गोळा करण्याची सोय जोडण्यात आल्याची नोंद आहे. समाजाने ज्यांना दूर लोटले त्यांच्या वस्तीत, समाज ज्याचे नावही घेत नाही त्या वस्तूपासून, या देशात प्रथम हा वायू धरला गेला. पुढे 1939 च्या सुमारास दिल्लीच्या शेती संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणापासून वायू काढण्याचे शास्त्रीय प्रयोग केले. 1951 च्या सुमारास जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपीची घरगुती टाकी सिद्ध केली आणि तिला ‘ग्रामलक्ष्मी’ हे समर्पक नाव दिले. 1960 नंतरच्या दशकात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने ती गावोगाव नेली.

शेणाला आपल्याकडे पावित्र्य आहे, मैल्याला नाही. त्यामुळे शौचकूप टाकीला जोडण्याची गोष्ट निघाली की त्या गॅसवर शिजलेले अन्न खावे कसे, असा प्रश्न पुढे येतो. पुण्याजवळ देहू येथे वैद्यकीय अधिकारी म्हणून गेलेले डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर यांनी या शंकेशी आयुष्यभर चिकाटीने झुंज दिली. उघड्यावरच्या घाणीतून रोग पसरतात आणि औषधे देऊन ते हटत नाहीत, हे पाहून त्यांनी शौचालये बांधण्याचा आणि ती गॅसच्या टाकीला जोडण्याचा मार्ग धरला. 2017 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. वस्तुतः या शंकेत शास्त्रीय अर्थ नाही. पाणबुडे आणि मासे यांच्या मलाने भरलेल्या नदीचेही पाणी सूर्य उचलतो आणि पाऊस म्हणून परत देतो, तो पाऊस कोणी विटाळाचा मानीत नाही. बंद टाकीतून नळीने आलेल्या ज्योतीलाही तोच न्याय लावावयास हवा.

इतके सारे खरे असता प्रत्येक अंगणात ही टाकी का नाही? राष्ट्रीय योजना 1981-82 मध्ये सुरू झाली; देशभर लक्षावधी टाक्या बांधल्या गेल्या. त्यांतील कितीतरी आज अंगणात कोरड्या पडून आहेत. कोठे ट्रॅक्टर आला आणि बैल विकले गेले. कोठे टोपी गंजली. कोठे वर साय धरून कडक थर जमला आणि तो कोणी मोडला नाही. परंतु या साऱ्यांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो. लोक टाकीला यंत्र समजतात. यंत्र बंद ठेवले तरी कळ दाबताच पुन्हा चालते. टाकी म्हणजे गोठ्यातले एक जनावर आहे. तिला रोज खाणे-पाणी लागते, एकदम बदललेला चारा तिला सोसत नाही, साबणाचे वा फिनेलचे पाणी तिला विषासमान आहे. अनुदानाच्या कागदावर सही करणारे हात आणि पहाटे काला कालवणारे हात बहुधा वेगळे असतात. ज्या घरात दोघांचे एकमत झाले त्या घरात टाकी वीस-वीस वर्षे चाललेली दिसते.

जनावराप्रमाणे तिचा धाकही बाळगावा. नव्या टाकीतला पहिला गॅस हवेत सोडून द्यावा, पेटवू नये. हवेत मिथेनचे प्रमाण पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान असले की ठिणगीने स्फोट होतो. म्हणून नळीची गळती साबणाच्या फेसाने तपासावी, काडी लावून कदापि तपासू नये. आणि रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत कोणीही उतरू नये. आत प्राणवायू नसतो, विषारी वायू असतो. उतरलेला माणूस हाक मारण्यापूर्वीच कोसळतो, आणि त्याला काढावयास धावलेला दुसराही. असे बळी आजही जातात.

ज्यांच्याकडे जनावरे नाहीत अशा शहरवासीयांनीही हा विषय खेड्यांचा म्हणून सोडून देऊ नये. शिळे अन्न, फळांच्या साली, पिठाचा कोंडा यांपासून, वजनाच्या मानाने, शेणापेक्षा कितीतरी अधिक वायू मिळतो. कारण उघड आहे. शेणातील पोषक अंश गाईने आधीच काढून घेतलेला असतो, खरकट्यातला तसाच असतो. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी याच तत्त्वावर छोटी घरगुती टाकी बसविली, आणि 2006 साली त्या कार्याला इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. हेच खरकटे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कचऱ्याच्या डोंगरावर फेकले तर तेथेही मिथेन होतोच. पण तो हवेत जातो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. किंवा तो तेथेच पेट घेतो. 2016 च्या जानेवारीत मुंबईच्या देवनारचा कचरा पेटला आणि धुराने शहर कोंडले, तो याच उकिरड्याचा कोप होता.

याउलट इंदूरकडे पाहावे. देवगुराडिया येथे, जेथे पूर्वी कचऱ्याचे ढीग साचत, तेथे 19 फेब्रुवारी 2022 रोजी ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा मोठा कारखाना सुरू झाला. रोज साडेपाचशे टन ओला कचरा पचवून सुमारे सतरा हजार किलो गॅस देण्याची त्याची क्षमता आहे, आणि तो गॅस शहराच्या बसगाड्यांना पुरविण्याची योजना करण्यात आली. गोव्यात साळगाव येथेही 2016 पासून ओल्या कचऱ्याच्या वायूवर वीज होते. कारखाने मोठे असले तरी त्यांचे पोट अंगणातल्या टाकीसारखेच नाजूक आहे. काच, चिंध्या, प्लॅस्टिक, औषधे ओल्या कचऱ्यात मिसळली तर कोट्यवधी रुपयांची यंत्रेही हतबल होतात. इंदूरचा कारखाना चालतो तो प्रथम इंदूरच्या स्वयंपाकघरांत चालतो. भाजीची देठे एका बादलीत आणि दुधाची रिकामी पिशवी दुसऱ्या बादलीत टाकणारा हात हाच त्याचा पहिला कामगार होय.

उकिरड्याचे पांग फिटावयास बारा वर्षे लागतात ती त्याच्यासाठी नव्हेत. त्याच्याकडे पाहण्यास माणसाला तेवढा वेळ लागतो म्हणून. ज्या घरात उद्या सकाळी दुसरी बादली ठेवली जाईल, त्या घरापुरती ती मुदत उद्याच संपेल.