हडच्या पोराची आई

मिलोश फोरमनचा ‘हेअर’ (१९७९) मी लागेल तिथे पाहत आलो आहे. कथा सगळ्यांना ठाऊक आहे. ओक्लाहोमाचा क्लॉड सैन्यभरतीसाठी न्यूयॉर्कला येतो, सेंट्रल पार्कमध्ये बर्गरच्या हिप्पी टोळक्याच्या संगतीला लागतो, घोड्यावरून जाणाऱ्या श्रीमंत शीलावर भाळतो आणि तरीही भरती होतो. आपल्याकडे हिप्पी म्हटलं की अंजुण्याचा किनारा आणि देव आनंद आठवतात. पण व्हिएतनाम युद्धाच्या दिवसांत, १९६४ ते १९७३ या काळात, अमेरिकेने सुमारे २२ लाख तरुणांना सक्तीने सैन्यात घेतलं, ही पार्श्वभूमी नसेल तर या चित्रपटातली गाणी नुसता धिंगाणा वाटतील.

मला गुंतवून ठेवलं ते मूळ नाटककारांच्या रागाने. जेरोम रॅग्नी आणि जेम्स रॅडो यांचं नाटक १९६७मध्ये रंगमंचावर आलं, पुढच्या वर्षी ब्रॉडवेवर गेलं आणि तिथे त्याचे १,७५० प्रयोग झाले. चित्रपट पाहून दोघांनी हात झटकले. काही गाणी, पात्रांची नावं आणि शीर्षक सोडलं तर यात आमचं काही नाही, हिप्पींना विक्षिप्त ठरवून शांतता चळवळीपासून तोडलं आहे, असा त्यांचा आक्षेप.

त्यात तथ्य आहे. नाटकातला क्लॉड न्यूयॉर्कच्याच क्वीन्समधला. भरतीचं कार्ड जाळायला त्याचा हात धजत नाही. शीला तर चळवळीतली विद्यार्थिनी. फोरमन आणि पटकथाकार मायकेल वेलर यांनी तिला बड्या घरची लाडावलेली मुलगी केलं. युद्धाला विरोध करणारी नायिकाच गेल्यावर प्रेमकथा उरते, राजकारण पातळ होतं. हा तोटा मी फोरमनच्या खात्यावर मांडतो.

पण जमेच्या बाजूला एक प्रसंग आहे आणि तो मला सगळ्या हिशेबापेक्षा जड वाटतो. नाटकात शीलाच्या तोंडी असलेलं एक गाणं फोरमनने दुसरीलाच दिलं. टोळक्यातल्या हडला शोधत एक तरुण कृष्णवर्णीय बाई येते, सोबत लहानगा मुलगा. मुलगा हडचाच; लग्न ठरलेलं असताना तो दोघांना सोडून आलेला. ती त्याला ‘लाफायेत’ या खऱ्या नावाने हाक मारते आणि ‘हड’चा सगळा आव गळून पडतो. तो तिला झिडकारतो. थंडीतल्या त्या रस्त्यावर मग ती गाते: परक्यांच्या दुःखाने कळवळणारी माणसं घरच्यांशी इतकी कठोर कशी वागतात? शेरिल बार्न्स हे गाणं गाते तेव्हा नाच थांबलेला असतो, नृत्यदिग्दर्शिका ट्वायला थार्पच्या सगळ्या उड्या, गिरक्या बाजूला पडलेल्या असतात. श्रेयनामावलीत या पात्राला नावसुद्धा नाही, नुसती ‘हडची वाग्दत्त वधू’. आणि क्लॉडला भेटायला नेवाडातल्या लष्करी छावणीकडे निघालेल्या मोटारीत पोराला घेऊन तीही बसते.

फोरमनचे आईवडील नाझींच्या छळछावण्यांत गेले आणि १९६८मध्ये त्याच्या प्राग शहरात सोव्हिएत रणगाडे शिरले. जग सुधारायला निघालेल्यांचा घरचा हिशेब तो तपासणारच. रॅग्नी-रॅडोंना यात हिप्पींची बदनामी दिसली. मला बर्गरच्या टोळक्याची पहिली खरी परीक्षा दिसते.

बर्गरचीही परीक्षा होते. क्लॉडला शीलाला भेटता यावं म्हणून तो केस कापून, गणवेश चढवून छावणीत त्याच्या जागी थांबतो. नेमका तेव्हाच तुकडीला निघायचा हुकूम येतो आणि व्हिएतनामच्या विमानात चढतो तो बर्गर. नाटकात मरतो क्लॉड. ही अदलाबदल लेखकांना खुपली असल्यास नवल नाही. मला मात्र पटते, कारण डोकी भादरलेल्या रांगेत कोण कुठला हे कुणी पाहतच नाही. तर्काला एक भोक आहेच: क्लॉडच्या नावाने गेलेल्या माणसाच्या थडग्यावर बर्गरचं नाव आलं कसं?

संगीतकार गॉल्ट मॅकडरमॉट या भांडणात पडला नाही. आखूड केसांचा हा कॅनेडियन गृहस्थ, राजनैतिक अधिकाऱ्याचा मुलगा, केपटाउनमध्ये शिकलेला. हिप्पी तो कधीच नव्हता. चित्रपटाचं संगीत संयोजनही त्यानेच केलं.