एंजिन नूतनीकरण, जुन्या जीपगाड्यांचे

दीर्घ वापराने झिजलेले एंजिन सुटे करून, त्याचे भाग मोजून व ते यंत्रावर कापून किंवा बदलून एंजिन मूळ कार्यक्षमतेच्या जवळ आणण्याच्या क्रियेला एंजिन नूतनीकरण वा ‘ओव्हरहॉल’ म्हणतात. डोंगराळ व कच्च्या रस्त्यांवर चालणाऱ्या जीपसारख्या गाड्यांत या कामाला विशेष महत्त्व आहे. भारतात महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे आकुर्डी येथील बजाज टेम्पो (२००५ पासून फोर्स मोटर्स) कंपनीच्या ट्रॅक्स गाड्यांत डायमलर-बेंझच्या ‘ओएम ६१६’ या अभिकल्पाचे डीझेल एंजिन आले. अशा अनेक गाड्या दुरुस्तीच्या बळावर दीर्घकाळ टिकल्या.

झीज : धुळीतील सिलिकेचे कण हे झिजेचे प्रमुख कारण होय. जुन्या गाड्यांतील तेलपात्री हवा-गाळणीचे तेल वेळेवर न बदलल्यास, किंवा गाळणीपुढील रबरी नळी चिरल्यास, धूळ थेट सिलिंडरात जाते. दट्ट्याची वरची कडी जेथवर पोहोचते तेथे दाब व तापमान सर्वाधिक, तर वंगणाचा थर सर्वांत पातळ असतो. त्यामुळे सिलिंडर वरच्या बाजूस अधिक झिजून निमुळता होतो. दट्ट्याच्या बाजूच्या रेट्याने तो लंबवर्तुळाकारही होतो.

निदान : निळसर धूर, तेलाचा वाढता खप व तेल भरण्याच्या तोंडातून येणारा वायू ही कड्या, सिलिंडर किंवा झडपांची मार्गदर्शके झिजल्याची लक्षणे होत. काळा धूर मात्र बहुधा इंधनाचा अतिरेक वा तुंबलेली गाळणी दर्शवितो. केवळ त्यावरून एंजिन उघडणे चुकीचे ठरते. प्रथम दाबमापकाने प्रत्येक सिलिंडराचा संपीडन दाब पाहतात. एंजिन उघडल्यावर सिलिंडराचा व्यास वर, मध्ये व खाली, परस्परांशी काटकोनातील दोन दिशांनी मोजतात.

दुरुस्ती : झीज निर्मात्याने ठरविलेल्या मर्यादेबाहेर असल्यास सिलिंडर ०·५० किंवा १·०० मिमी. वाढीव व्यासाचा कापून त्याच मापाचे दट्टे व कड्या बसवितात, अथवा नवे अस्तर (लायनर) घालतात. शेवटी घर्षकाने भिंतीवर एकमेकांस छेदणारे बारीक ओरखडे उमटवितात. त्यांत तेल टिकते. भुजादंडाचे (क्रँकशाफ्टचे) धारव्यांतील भाग ०·२५ मिमी.च्या टप्प्यांनी कमी व्यासाचे घासतात. घासताना कडेची गोलाई राखली नाही, तर तेथून तडा जाऊन दंड मोडू शकतो. झिजलेल्या सिलिंडरात केवळ नव्या कड्या घालणे हा स्वस्त पण अल्पायुषी उपाय होय.

पिंपरी, चिंचवड व भोसरी परिसरात १९६० नंतर वाढलेल्या औद्योगिक वसाहतींनी यंत्रण, घर्षण व मापन यांचे कसबी कारागीर घडविले. चाकणपर्यंत पसरलेल्या वाहन उद्योगाचाही तो पाया ठरला. जुन्या एंजिनाचे आयुष्य सुट्या भागांइतकेच अशा अचूक हातांवर अवलंबून असते.

मर्यादा : ठोकळ्यास तडा गेला असेल किंवा व्यास वाढविण्यास धातू उरला नसेल व अस्तरही बसत नसेल, तर नूतनीकरण व्यर्थ होय. दुसरे एंजिन बसविल्यास एंजिन-क्रमांकाची नोंद परिवहन कार्यालयात बदलून घ्यावी लागते. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकृत करावी लागत असल्याने खर्च करण्यापूर्वी सांगाडा, सुकाणू व गतिरोधक तपासणे आवश्यक असते. नूतनीकरणानंतर आरंभी गाडी जड ओझ्याविना चालवून तेल व तेल-गाळणी लवकर बदलतात. हवा-गाळणी सदोष राहिल्यास मात्र नवे भागही थोड्याच काळात झिजतात.