मार्गशीर्षातला गुरुवार आणि बॅन्जो

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू. काउबॉय हॅट घालून यायची अजिबात गरज नाही. बूट नकोत, झालरीचं जॅकेट नको, आणि तो ताटलीएवढ्या बक्कलचा पट्टा तर नकोच नको. ऑफिसमधून निघालात की आहे त्या कपड्यांत, गळ्यातलं आयडी कार्ड खिशात कोंबून थेट या. बॅन्जोवालासुद्धा तसाच येणारे.

तर बातमी अशी, की बाणेरच्या एका रूफटॉप पबमध्ये मार्गशीर्षातल्या चारही गुरुवारी लाइव्ह कंट्री आणि रूट्स म्युझिक होणार आहे. (पत्ता आणि कव्हर चार्ज शेवटच्या पानावरच्या चौकटीत.) आता तुम्ही म्हणाल, मार्गशीर्षातला गुरुवार? त्या दिवशी घरी घट मांडलेला, आईचा उपास, आणि अर्ध्या पुण्याचं चिकन-बिअर बंद! बरोब्बर. म्हणूनच तर हा वार मिळालाय. पबच्या मॅनेजरनं मला हिशेब अगदी सरळ सांगितला. गुरुवारी गल्ला तसाही बेताचाच, त्यात मार्गशीर्षात तर काउंटरवर ग्लास पुसत बसायचं. शुक्रवार-शनिवार डीजेला, बुधवार लेडीज नाइटला. उरला गुरुवार. तो घ्या आणि काय वाजवायचंय ते वाजवा!

वेळही तशीच उरलीसुरली. साडेसात ते दहा. उघड्या जागेत रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, हा ध्वनिप्रदूषणाचा नियम २००० सालचा. पुढे त्यात वाद्यंही आली. बंदिस्त हॉलला सूट आहे, गच्चीला नाही. त्यामुळे दहाला पाच कमी असताना शेवटचं गाणं संपलं पाहिजे. आणि आपल्याकडे पबमध्ये साडेसातला कोण असतं? वेटर आणि मांजर. म्हणजे कोरडा वार, रिकामी वेळ, आणि अशी गाणी जी प्लेलिस्टवर आली की लोक 'नेक्स्ट' म्हणतात. चार गुरुवार चालले तर जानेवारीपासून महिन्यातून दोन पक्के. नाही चालले तर कराओके. डील इतकं सिम्पल आहे.

मागच्या रविवारी मी त्यांची प्रॅक्टिस बघायला कोथरूडला गेले. एका जुन्या बंगल्याच्या मागची खोली. चारच्या आत वाजवायचं नाही, शेजारच्या आजोबांची झोप! (एक ते चारवर विनोद करू नका, पुण्यात ही सिरीयस गोष्ट आहे.) बँडमध्ये पाच जण. बॅन्जोवाला हिंजवडीत टेस्टिंग करतो. बास वाजवणारी आर्किटेक्ट आहे. गाणारी आणि गिटार वाजवणारी मुलगी खराडीला एचआरमध्ये, मूळची कराडची. व्हायोलिनवाला क्लासेस घेतो आणि गांधर्वच्या मध्यमापर्यंतच्या परीक्षा दिलेला आहे. आणि पाचवे काका. बँकेतून व्हीआरएस घेतलेले, साठीकडे झुकलेले, मांडीवर स्टील गिटार आडवी ठेवून बसलेले. सगळे त्यांना काकाच म्हणतात. मीही पाच मिनिटांत म्हणायला लागले.

गंमत बघा. गाणारी मुलगी नवीन गाणं सुरू करताना नुसती बोटं दाखवते. एक, चार, पाच. ही नॅशव्हिलची पद्धत. तिथले स्टुडिओतले वादक १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून कॉर्डची नावं लिहीत बसण्याऐवजी आकडे लिहितात. गायकाची पट्टी बदलली तरी आकडे तेच, कागद पुन्हा लिहायला नको. व्हायोलिनवाल्यानं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो म्हणाला, अरे, म्हणजे सा, म, प ना? संपला विषय! आपल्याकडे सा कुठेही धरा, म आणि प आपोआप आपल्या जागी जातात. जी गोष्ट तिकडे लोक मुद्दाम शिकतात ती याला पाचवीत असताना मास्तरांनी पेटीवर शिकवून ठेवली होती.

अजून एक. हिंदुस्तानी बैठकीचं व्हायोलिन सा-प-सा-प असं लावतात. अमेरिकेतल्या अॅपलाचियन डोंगरातले जुने फिडलवालेही बऱ्याच गाण्यांसाठी नेहमीचं ट्यूनिंग सोडून नेमकं हेच लावतात, त्यांच्या भाषेत ए-ई-ए-ई. मोकळ्या तारा मागे घुमत राहतात, तानपुऱ्यासारख्या. त्यामुळे आपल्या भाऊला दुसरं व्हायोलिन विकत घ्यावं लागलं नाही. फक्त उभं राहून वाजवायला शिकावं लागलं. त्याचंच जाम टेन्शन आहे त्याला.

आता 'कंट्री' म्हटलं की आपल्या डोक्यात दोनच गोष्टी. एक, कॅम्पातल्या एखाद्या घरात रविवारी सकाळी लागणारा जिम रीव्हज. दोन, हॉस्टेलच्या गच्चीवर रात्री दोन वाजता सामुदायिकरीत्या बेसूर होणारं जॉन डेन्व्हरचं 'कंट्री रोड्स'. ते गाणं १९७१ चं. त्यात वेस्ट व्हर्जिनियाचे एवढे गोडवे, पण ज्या जोडप्याबरोबर डेन्व्हरनं ते लिहिलं ते तेव्हा वेस्ट व्हर्जिनियात कधी गेलंही नव्हतं! सुचलं होतं शेजारच्या मेरीलँडमधल्या एका रस्त्यावर. तर ज्या गावाला आपण गेलोच नाही त्याची आठवण काढून रडणारे आपण एकटेच नाही.

बाकीची गोष्ट मात्र त्याहून खूप जुनी. १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये राल्फ पीअर नावाचा रेकॉर्ड कंपनीचा माणूस टेनेसीतल्या ब्रिस्टल गावात आला आणि हॅटच्या कंपनीच्या इमारतीत मशीन मांडून बसला. डोंगरातून लोक येत गेले, गात गेले. त्यातच कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स पहिल्यांदा रेकॉर्ड झाले. कार्टर कुटुंबातला ए. पी. कार्टर खेड्यापाड्यांत फिरून गाणी गोळा करायचा, आणि त्याच्याबरोबर असायचा लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारिस्ट. ए. पी. शब्द टिपायचा, रिडल चाल लक्षात ठेवायचा. नाव मात्र कार्टरांचं झालं.

हे मुद्दाम सांगतेय. कारण कंट्री म्हणजे गोऱ्यांचं गाणं, हा समज फार पक्का आहे. ज्या बॅन्जोवर हा सगळा डोलारा उभा आहे तो बॅन्जोच पश्चिम आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांनी आपल्या आठवणीतल्या वाद्यांवरून तिकडे बनवला. नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमाचा सुरुवातीचा एक स्टार होता डिफोर्ड बेली, हार्मोनिकावाला, कृष्णवर्णीय. १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं, आणि हॉल ऑफ फेममध्ये घेतलं २००५ मध्ये, तो गेल्यावर तेवीस वर्षांनी. बियॉन्सेनं २०२४ मध्ये 'काउबॉय कार्टर' काढला तेव्हा हिचा इथे काय संबंध, असं म्हणणारे कमी नव्हते. त्याच अल्बमला २०२५ चं 'अल्बम ऑफ द इयर' ग्रॅमी मिळालं. संबंध काय विचारता, पाया तिच्याच लोकांनी घातलाय!

बॅन्जोवरून आठवलं. आमच्या टेस्टिंगवाल्याची खरी डोकेदुखी वेगळीच आहे. आपल्याकडे 'बेंजो' म्हटलं की लोकांना मिरवणुकीतली बेंजो पार्टी आठवते. ऑफिसात त्यानं सांगितलं मी बॅन्जो वाजवतो, तर टीम लीडनं विसर्जनाची तारीखच विचारली. तो आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. तो मूळचा जपानी, १९१२ मध्ये नागोयात निघालेल्या ताइशोगोतोचा वंशज. हा अमेरिकन बॅन्जो दिसायला लांब दांड्याच्या डफासारखा. अंगठा आणि दोन बोटं, तिन्हींना नख्या लावून असा काही पळवतात की गारा पडल्यासारखं वाटतं. ही तीन बोटांची पद्धत ज्यानं घराघरात पोहोचवली तो अर्ल स्क्रग्ज १९४५ मध्ये बिल मन्रोच्या बँडमध्ये आला, आणि आपण ज्याला ब्लूग्रास म्हणतो ते खऱ्या अर्थानं तिथून सुरू झालं. नातं काहीच नाही दोन्ही वाद्यांचं. पण पहिल्या गुरुवारी स्टेजवरून हे समजावून सांगायचं की नाही, यावर बँडमध्ये वीस मिनिटं चर्चा झाली. मी असते तर सरळ एक गणपतीचं गाणं वाजवून मोकळी झाले असते.

आणि काका! काकांबद्दल स्वतंत्र लेख होईल. ऐंशीच्या दशकात ते ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. लग्न, गणेशोत्सव, कंपनीचं गॅदरिंग. मग कीबोर्ड आले, एका कीबोर्डमध्ये सगळी वाद्यं आली, आणि काकांची गिटार माळ्यावर गेली. कंट्री गाण्यात मागे जो हुंदक्यासारखा घसरत जाणारा आवाज येतो ना, तो याच वाद्याचा. हवाई बेटांवरून ते अमेरिकेत गेलं आणि आपल्याकडेही आलं. टाऊ मो हा हवाईयन वादक १९४० च्या दशकात कुटुंबासह कोलकात्यात राहत होता. मग ते हिंदी सिनेमात शिरलं, रागसंगीतात शिरलं. पंडित विश्वमोहन भट्टांनी राय कूडरबरोबर १९९३ मध्ये केलेल्या अल्बमला ग्रॅमी मिळालं तेही मांडीवरच्या गिटारीवरच. तर काकांना 'कंट्री' शिकवायला लागलंच नाही. फक्त जुन्या हिंदी गाण्यांतल्या हरकती कमी करा, असं अदबीनं सांगावं लागतं. काका हो म्हणतात आणि पुढच्या गाण्यात पुन्हा एक हरकत टाकतात. सही टाकतात!

खरा राडा वेगळ्याच गोष्टीवरून चाललाय. मॅनेजरचं म्हणणं, लोकांना माहिती असलेली गाणी वाजवा. चूक नाही त्याचं, त्याला टेबलं भरायची आहेत. पण गाणाऱ्या मुलीनं एक गाणं लिहिलंय. मराठीत. तीन मात्रांच्या ठेक्यातलं, कंट्री वॉल्ट्झ. तिचे वडील एसटीत ड्रायव्हर. कराड-पुणे गाडीवर ड्युटी लागली की स्वारगेटला ते तिला दहा मिनिटं भेटतात. डबा देतात, रिकामा डबा घेतात, जातात. गाण्यात एवढंच आहे. नोकरीची नऊ वर्षं आणि डबे.

बासवाली म्हणते, पबमध्ये मराठी गाणं, तेही असं? लोक मोबाइल काढतील. व्हायोलिनवाला म्हणतो, मग रूट्स कशाला म्हणायचं, कव्हर नाइट म्हणा! मी लेख लिहायला गेले होते, पंच म्हणून नाही. पण माझं मत त्याच्या बाजूनं. गाव सोडून शहरात आलेल्या माणसाचं गाणं, हीच तर कंट्रीची निम्मी इस्टेट. आणि ती आपल्याकडे काय कमी आहे? अण्णा भाऊ साठेंची 'माझी मैना गावावर राहिली' दुसरं काय सांगते? तिकडे कार्टर फिरला, तसे इकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन गावोगाव फिरले आणि जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमा केल्या. पुण्यातच चाललं हे काम. आपली मुळं आपल्या शहरात कपाटात आहेत आणि आपण टेनेसीतली शोधतोय. दोन्ही शोधा की, कोण अडवतंय!

पैशाचं म्हणाल तर जेवण, पेट्रोल आणि तारांचा एक सेट सुटेल इतकंच. त्यासाठी हे पाच जण सहा महिने रविवार घालवतायत. मागे एका ठिकाणी त्यांना अर्धं गाणं चालू असताना थांबवून बर्थडेचं गाणं लावलं होतं. स्पीकरवर. बँड स्टेजवर उभा असताना!

म्हणून आलात तर एक करा. थोडं ऐका. नॅशव्हिलमध्ये 'ब्लूबर्ड कॅफे' नावाची जागा आहे. १९८२ पासून चालू, जेमतेम नव्वद माणसं मावतात, दुकानांच्या रांगेत बाहेरून दिसतही नाही धड. तिथे गाणं चालू असताना बोललं की 'शू' करतात. सरळ करतात, लाजत नाहीत. तिथेच गाऊन कितीजण पुढे गेले. आपल्याकडे इतकं कडक नको, कबूल. अप्रेझलची चर्चा करा, पण दोन गाण्यांच्या मध्ये. बँड एकाच माइकभोवती उभा राहणारे, जुन्या ब्लूग्रास पद्धतीनं. ज्याचा सोलो तो पुढे सरकतो, बाकीचे मागे. तुमच्या टेबलावरचा हशा त्या माइकमध्ये व्हायोलिनपेक्षा स्पष्ट जाईल. उपास असेल तरी या, ताक आणि साबुदाणा वडा मेन्यूत घालायला मॅनेजरला पटवलंय. आणि हार्ड लिकर हवी असेल तर पंचवीस पूर्ण पाहिजेत हे माहितीच आहे, आयडी बरोबर ठेवा.

शेवटी ठरलंय ते असं. डब्याचं गाणं पहिल्या दोन गुरुवारी नाही. तिसऱ्या गुरुवारी, नऊच्या सुमाराला, गर्दी असो-नसो. तिसराच का, तर त्या दिवशी वडिलांची पुणे ड्युटी आहे, रात्रीचा मुक्काम स्वारगेटला. ३१ डिसेंबरला ते रिटायर होतायत, म्हणजे डब्यांची ही शेवटची खेप असू शकते. त्यांना अजून काहीच सांगितलेलं नाही. आई मार्गशीर्ष पाळते, आणि नवरा गुरुवारी पबमध्ये गेला हे तिला कोण सांगणार, हा प्रश्न आहेच. काका म्हणाले, मी जातो स्वारगेटला, रिक्षानं घेऊन येतो, हॉटेल आहे म्हणून सांगतो.

मॅनेजरला विचारलं, तिथे चहा मिळेल का? मेन्यूत नाहीये, म्हणाला. पण स्टाफसाठी साडेआठला होतो, त्यातला एक कप काढून ठेवतो.