‘परवा’ची दिशा : काळाच्या जाणिवेविषयी एक टिपण

मराठीतील ‘परवा’ हा शब्द दोन्ही दिशांना पाहतो. ‘परवा आलो’ आणि ‘परवा येईन’ या वाक्यांत शब्द तोच असला, तरी दिवसांत चार दिवसांचे अंतर आहे. काळ ठरतो तो क्रियापदाने. व्याकरणातील ही सोय वरवर किरकोळ वाटते. परंतु मानवी मेंदू भूत आणि भविष्य यांत भेद कसा करतो, या प्रश्नाकडे वळताना तिचा चांगला उपयोग होतो.

भूतकाळ हे एक कोठार आणि भविष्य ही मोकळी जागा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. या समजुतीला मोठा धक्का दिला तो कॅनडातील एका रुग्णाने. के. सी. या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. 1981 मध्ये मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली व दोन्ही कानशिलांच्या आत खोलवर असणारा हिप्पोकॅम्पस हा भागही निकामी झाला. टोरांटो येथील मानसशास्त्रज्ञ एंडेल टल्व्हिंग यांनी त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. के. सी.ची भाषा शाबूत होती, तो बुद्धिबळ खेळू शके, घड्याळ व दिनदर्शिका यांचा अर्थ त्याला कळे. मात्र स्वतःच्या आयुष्यातला एकही प्रसंग त्याला आठवत नसे. ‘उद्या काय कराल?’ या प्रश्नापुढेही तो तितकाच निरुत्तर होई. दोन्ही दिशांना त्याला सारखेच रिकामेपण जाणवे. काळ म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते. त्या काळात स्वतःला ठेवता येत नव्हते. ज्ञान आणि अनुभव यांतील हा फरक साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावयास हवा.

पुढे 2007 साली लंडनमध्ये डेमिस हसाबिस, एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या पाच रुग्णांना काल्पनिक प्रसंग रचावयास सांगितले. वाळूच्या किनाऱ्यावर पहुडल्याची कल्पना करा, अशा स्वरूपाची ती सूचना होती. पाचांपैकी चौघांची वर्णने विस्कळीत निघाली. तपशिलांचे तुकडे येत, पण त्यांचे एक सलग स्थळ होत नसे. आठवणे आणि कल्पिणे ही बऱ्याच अंशी एकाच यंत्रणेची कामे आहेत, असे यावरून दिसते.

मग भेद कोठे होतो? मार्शा जॉन्सन आणि कॅरल रे यांनी 1981 मध्ये मांडलेले उत्तर असे, की आठवणीवर तारखेचा शिक्का नसतो. रंग, वास, जागा यांचा तपशील दाट असेल तर मन ‘हे घडले’ असे मानते. रचण्याच्या श्रमाच्या खुणा अधिक दिसल्या तर ‘हे मी योजले’ असे. हा निवाडा अनुमानाचा आहे, आणि म्हणून चुकतोही.

वर्तमानाविषयी थोडेच सांगतो. वर्तमान हा बिंदू नसून त्याला काही रुंदी असते, हे विल्यम जेम्स यांनी 1890 मध्येच विस्ताराने मांडले होते. ‘परवा मी आईबरोबर नाशिकला…’ हे शब्द ऐकताना क्रियापद येईपर्यंत आपण ‘परवा’ला दिशा न देता मनात धरून ठेवतो. ते धरून ठेवणे हेच वर्तमान. ‘थांब, आलोच’ म्हणणारा तर अजून न घडलेल्या क्रियेला भूतकाळाचे रूप देतो आणि ऐकणाऱ्याचा जराही गोंधळ होत नाही.

आत्मचरित्राची समीक्षा करताना ‘हे आठवलेले की रचलेले?’ असा प्रश्न आपल्याकडे आरोपाच्या सुरात विचारला जातो. वरील संशोधन पाहता तो प्रश्न त्या सुरात विचारणे मला अन्यायाचे वाटते. लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मकथनाच्या नावातच ‘चित्रे’ हा शब्द आहे. अशा लेखनात तपासावयाचे ते हे, की लेखक कोणत्या तपशिलांच्या आधारे एखादा प्रसंग ‘घडलेला’ म्हणून वाचकाच्या मनात उभा करतो, आणि तो आधार कोठे विरळ होतो.