कलम ४३ : कागदावरच राहिलेली फौज

न्यूयॉर्कला ईस्ट नदीकाठची संयुक्त राष्ट्रांची इमारत दिसली की मला सनदेचं कलम ४३ आठवतं. २६ जून १९४५ ला सॅन फ्रान्सिस्कोत सह्या झाल्या तेव्हा ठरलं होतं, की देशांनी करार करून सुरक्षा परिषदेच्या हाताशी सैन्य ठेवायचं. असा एकही करार आजवर झालेला नाही! प्रत्येक मोहिमेसाठी देशोदेशी सैनिक मागावे लागतात. १९९४ मध्ये रवांडात कत्तल सुरू असताना तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे सेनाधिकारी रोमियो डॅलेअर कुमक मागत होते. परिषदेने उलट सुमारे २५०० ची फौज २७० वर आणायचं ठरवलं. हे वाचताना आजही पोटात कालवतं.

त्यात परिषदेच्या पाच कायम सदस्य देशांचा नकाराधिकार. १९८६ मध्ये निकाराग्वा आंतरराष्ट्रीय न्यायालयात अमेरिकेविरुद्ध जिंकला. निकाल पाळा, असं सांगणारा परिषदेतला ठराव अमेरिकेनेच नकाराधिकार वापरून अडवला.